मारितसाठी, कारण न सांगता

नॉर्डबी गावात कुणी वारलं की घरी हॉटडिश येते. कुणाचं धान्याचं कोठार जळलं, कुणाचा घटस्फोट झाला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी हॉटडिशच येते. खाली खिमा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या छोट्या गोळ्यांची फरशी बसवलेली. दुःख कुठलंही असो, पाककृती एकच. मारित ओल्स्टाडला मोठ्या विद्यापीठानं नाकारलं त्या आठवड्यात ओल्स्टाडांच्या दारात या हॉटडिशेस इतक्या आल्या की तिचे आजोबा गेले तेव्हाही तेवढ्या आल्या नव्हत्या.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. म्हणजे भांडं परत करायला जावं लागतं, गेलं की कॉफी प्यावी लागते, आणि कॉफी पिता पिता "मग, आता कसं वाटतंय?" याचं उत्तर द्यावं लागतं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला यापेक्षा वाईट शिक्षा मिनेसोटा राज्यात कायद्यानं देता येत नाही.

तसा यात थोडा दोष मारितचाही होता. तिला हवामानशास्त्र शिकायचं होतं, आणि हे तिनं लहानपणापासून जो भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. जिथे लोकांना हवामानाशिवाय दुसरा विषय नाही, तिथे अशी मुलगी म्हणजे गावाची ठेवच. तिचा बाप, लॉवेल, जिल्ह्याचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचा, आणि थंडीत सकाळी निघण्याआधी सरकारी अंदाज ऐकायच्या ऐवजी मुलीला विचारायचा, "किती पडेल गं?" ती सांगायची, आणि बहुतेक वेळा तेवढा पडायचा. तेव्हा विद्यापीठ हिला घेणार की नाही हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. चर्चच्या साप्ताहिक पत्रकात तर निकालाच्या आदल्या रविवारीच "मारितचे अभिनंदन (लवकरच)" असं छापून आलं होतं. कंसातला शब्द पास्टरसाहेबांचा. ते सावध गृहस्थ.

विद्यापीठानं नाही म्हटलं. हवामानशास्त्राला गणित लागतं, आणि गणितात मारितची गाडी शेवटच्या वर्षी सरळ खड्ड्यात गेली होती, हे गावाला ठाऊक नव्हतं.

पण तिला लागलं ते वेगळंच. पहिली हॉटडिश घेऊन आर्डिस ब्रॅटन दारात उभ्या होत्या. आर्डिसबाई म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघरापासून कबरस्तानातल्या फुलांपर्यंत सगळं ज्यांच्या ताब्यात, अशा बाई. लॉवेल भांडं हातात घेऊन म्हणाला, "मारितनंच ठरवलंय, थोडे दिवस घरीच राहायचं म्हणून. तिच्या आईलाही बरं पडेल."

मारित स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिचा बाप असा माणूस की पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा खरी सांगतो. त्या तलावकाठच्या प्रदेशात असा दुसरा माणूस नसेल. तो तिच्यासाठी धडधडीत खोटं बोलला होता. याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता, की त्याला तिची लाज वाटते. हे तिनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला सांगितलं नाही. ओल्स्टाडांच्या घरात असल्या गोष्टी बोलत नाहीत. लोणी संपलंय, टायरमध्ये हवा कमी आहे, एवढंच बोलतात.

शेजारच्या गावात ट्रॅक्टरचं शोरूम आणि बोलिंगचा हॉल यांच्या मधे कम्युनिटी कॉलेज होतं. तिथे दोन वर्षं चांगली काढली की तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात बदलून जाता येतं, असं भिंतीवर एका हसऱ्या पोरीच्या फोटोखाली लिहिलं होतं. मारित त्या पोरीचा रोज मनापासून राग राग करायची. पहिले काही महिने तिनं जॅकेटची टोपी डोक्यावरून खाली केली नाही. शेजारच्या बाकावर एक निवृत्त नर्स बसायची, पलीकडे तीन मुलांचा बाप असलेला एक सुतार. दोघं तिला आपल्या डब्यातली बिस्किटं द्यायचे, आणि ती ती खाऊन पुन्हा रुसून बसायची.

गणिताला मिसेस केलर होत्या. त्यांनी एकदा तिची वही उघडून तिच्यासमोर ठेवली.

"तुला गणित येतं," त्या म्हणाल्या. "चुकलेलं खोडायची तुला लाज वाटते. तिसऱ्या ओळीत चुकलीस, तुला तिथेच कळलं होतं, आणि तरी तशीच पुढे पानभर गेलीस. का गं?"

"खाडाखोड वाईट दिसते."

"आणि चुकलेलं उत्तर काय गोड दिसतं?"

मारित हसली. कॉलेजात ती पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी. मग ती खोडायला शिकली. पानं काळी व्हायला लागली आणि उत्तरं बरोबर यायला लागली. दुसऱ्या वर्षी नर्सबाईंना आणि सुतारालाच ती शिकवू लागली, आणि बिस्किटं आता फी म्हणून घेऊ लागली.

पुन्हा अर्ज करायचं ठरलं तेव्हा तिनं एक गोष्ट पक्की केली. या वेळी नॉर्डबीत कुत्र्यालाही कळू द्यायचं नाही. नाकारलं तर एकटीनं रडायचं, तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं. मुख्य म्हणजे बापाला पुन्हा दारात उभं राहून खोटं बोलायची वेळ आणायची नाही. शिफारसपत्र मिसेस केलरनी दिलं. त्या दुसऱ्या गावच्या, वर कॅथलिक, म्हणजे नॉर्डबीच्या ल्यूथरन चर्चशी त्यांचा काडीचा संबंध नाही. बातमी फुटायला जागाच नव्हती.

एप्रिल उजाडला आणि गाव तिच्याशी विचित्र वागू लागलं.

पेट्रोलपंपावरच्या माणसानं तिच्या गाडीची काच न सांगता पुसली आणि म्हणाला, "धीर सोडू नकोस हं." ग्रंथालयातल्या बाईंनी उशिराचा दंड घेतला नाही आणि डोळे टिपले. आर्डिसबाईंनी रस्त्यात गाठून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "लोह कमी पडू देऊ नकोस." घरात आई, म्हणजे जोलीन, एकाएकी दर दोन दिवसांनी कलेजी करू लागली. मारितला कलेजी आवडत नाही हे जोलीनला वीस वर्षं माहीत होतं.

शेवटी एका दुपारी आइस्क्रीम काढायला म्हणून मारितनं गॅरेजमधला मोठा फ्रीझर उघडला. आत हॉटडिश. एकावर एक रचलेल्या, वरपर्यंत. प्रत्येकीच्या बुडाला नाव.

ती तशीच घरात आली. "मॉम, कोण मेलं?"

जोलीन बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि रडायला लागली.

"मॉम! अगं कोण?"

"मी विचारणार नाही," जोलीन हुंदके देत म्हणाली. "तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मी विचारणार नाही. साखळीचा नियम आहे."

मग मारितच्या लक्षात आलं.

प्रार्थनेची साखळी ही त्या चर्चची जुनी व्यवस्था. कुणाला अडचण आली की आर्डिसबाईंना फोन करायचा. आर्डिसबाई पहिलीला फोन करणार, पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्या माणसासाठी प्रार्थना करत असतं. कारण सांगायला संकोच वाटत असेल तर नुसतं नाव द्यायचं. "अमक्यासाठी, कारण न सांगता." अशा वेळी कुणी कारण विचारायचं नाही, हा कडक नियम. विचारायचं नाही, पण तर्क करायला कुणाची बंदी नव्हती. आणि कारण नसलेल्या नावाइतकं भूक वाढवणारं त्या गावात दुसरं काही नव्हतं.

"तुला फोन आला?" मारितनं विचारलं. "माझ्यासाठी? तुला?"

"व्हर्नाचा आला. ती माझ्या आधी आहे ना साखळीत. म्हणाली, मारितसाठी, कारण न सांगता."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? पुढे लोरेनला केला."

"मॉम, ती मारित म्हणजे मी होते! तू वर येऊन मला विचारायचंस!"

"साखळी तोडायची नसते गं," जोलीन म्हणाली आणि नाक पुसलं. "तू आजारी आहेस का?"

"नाही!"

"मग दुसरं ते..."

"नाही!!"

गावात तीन पक्ष पडले होते, हे हळूहळू बाहेर आलं. पहिल्या पक्षाच्या मते मारितला मोठा आजार होता. दुसऱ्या पक्षाच्या मते तिला दिवस गेले होते. तिसरा पक्ष छोटा पण सगळ्यात हवालदिल, त्याच्या मते ती आयोवातल्या, म्हणजे मिनेसोटावाले ज्याला कायम नावं ठेवतात त्या शेजारच्या राज्यातल्या, कुणाशी तरी लग्न करणार होती.

मारितचा पहिला संशय मिसेस केलरवर गेला. तिनं त्यांना गाठून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी? अगं, मला तुमच्या चर्चचा रस्तासुद्धा माहीत नाही." मग कोण? काही सुचेना. अर्ज केलाय हे सांगावं, तर दोन वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा अंगावर घ्यायचं. न सांगावं, तर आई रडतेय आणि कलेजी चालू. तिनं ठरवलं, निकाल लागेपर्यंत कळ काढायची. रविवारपर्यंत तिनं ती काढलीही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे नेहमीसारखे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले. आर्डिसबाई पुढे आल्या. मागे चार बायका, आणि चौघींच्या हातांत मिळून एक गोधडी. ही गोधडी मारितनं ओळखली. म्हणजे हीच नव्हे, पण अशी. चर्चच्या महिला मंडळातल्या बायका ती एकत्र बसून शिवतात, प्रत्येक टाक्याला प्रार्थना म्हणतात, आणि ज्याची आशा डॉक्टरांनी सोडली त्याच्या अंगावर नेऊन घालतात.

"पोरी," आर्डिसबाई म्हणाल्या, आणि या बाईंचा आवाज कापतोय हे गावानं प्रथमच ऐकलं, "आम्ही काही विचारत नाही. तू फक्त ही घे."

मारितनं गोधडीकडे पाहिलं. निळे-पांढरे चौकोन होते, ढगांसारखे कापलेले. कुणीतरी मुद्दाम तिच्यासाठी ढग शोधून आणले होते. तिला भडभडून आलं, आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं.

"मी आजारी नाही! मला मूल होणार नाही! आयोवात मी कुणाला ओळखत नाही! मी पुन्हा विद्यापीठात अर्ज केलाय. तिसऱ्या वर्षासाठी. या महिन्यात उत्तर येईल. ते परत नाही म्हणतील कदाचित, आणि म्हणाले तर म्हणाले. एवढंच आहे!"

कॉफीच्या मोठ्या भांड्यातून तेवढा बुडबुड आवाज येत होता. मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "देवाची कृपा, आयोवा नाही."

आर्डिसबाईंनी गोधडी खाली केली नाही. मात्र त्यांचा चेहरा बदलला. आयुष्यभर पाळलेला नियम मोडताना माणसाचा होतो तसा. "मग," त्यांनी विचारलं, "कारण न सांगता नाव दिलं कशाला? फोनवर कळलं नाही, कोण होतं ते. घोगऱ्या आवाजात बोलून लगेच ठेवून दिला."

लिंबाच्या वड्यांच्या टेबलापाशी लॉवेल ओल्स्टाड उभा होता. हातात बशी, बशीत वडी. त्याचे कान लाल झाले. ती लाली कपाळापर्यंत चढत गेली.

"मी केला होता," तो म्हणाला.

जोलीननं तोंडावर हात ठेवला. "लॉवेल! आणि मी रडत होते ते पाहत होतास?"

"मला वाटलं, कांदा चिरतेयस."

"आठवडाभर?"

"तू कांदा खूप घालतेस," लॉवेल म्हणाला, आणि मग त्या माणसानं जन्मातलं सर्वांत लांब भाषण केलं. "तिनं फ्रिज साफ केला. मागची जाळीसुद्धा. मागल्या वेळी अर्ज केला होता तेव्हाही असंच केलं होतं. म्हणून मला कळलं. मागल्या वेळी मी सगळ्या गावाला सांगत सुटलो होतो. म्हटलं, या खेपेस फक्त देवाला सांगू. पण देवाला सांगायचं तर फोन आर्डिसकडे करावा लागतो."

आर्डिसबाई म्हणाल्या, "देवाशी सरळही बोलता येतं, लॉवेल."

"हो, पण तुमचं ऐकतो तो जास्त," लॉवेल म्हणाला. आर्डिसबाईंना ते मनातून आवडलं. सगळ्यांना एकदम हसू फुटलं, पास्टरसाहेबांच्या नाकातून कॉफी आली, आणि गोधडी शेवटी मारितलाच दिली गेली, कारण शिवून तर झाली होती आणि मरणारं दुसरं कुणी त्या घडीला हाताशी नव्हतं.

घरी जाताना मारित बापाच्या पिकअपमध्ये बसली. आई आपल्या गाडीतून मुद्दाम पुढे गेली. त्या भागात महत्त्वाचं बोलणं गाडीतच होतं, कारण तिथे दोघांनाही समोर बघावं लागतं.

"डॅड," मारित म्हणाली, "मागच्या वेळी तू आर्डिसबाईंना खोटं सांगितलंस. मीच घरी राहायचं ठरवलं म्हणून. मी ऐकलं होतं."

लॉवेलनं गाडी सावकाश वळवली. शेतांमधून अजून घाणेरड्या बर्फाचे पट्टे होते.

"तुला माझी लाज वाटली."

"काय?" त्यानं समोर बघायचं सोडून तिच्याकडे पाहिलं. तो भाग लक्षात घेता हा मोठाच अपघाताचा प्रसंग. "लाज? मारित, 'तिला घेतलं नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. भांडं हातात होतं. म्हणायला गेलो असतो तर तिथे दारातच रडलो असतो, आर्डिससमोर. म्हणून जे सुचलं ते बोललो." मग त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर सरळ केली. "दोन वर्षं तुला असं वाटत होतं?"

"हो."

"विचारायचंस."

"तू सांगायचंस."

"हं," लॉवेल म्हणाला. दोघांनाही आता मोकळं वाटत होतं. मारितला रडू येत होतं आणि ते तिनं येऊ दिलं. घराच्या वळणावर तो म्हणाला, "तुझ्या डाव्या बाजूच्या टायरमध्ये हवा कमी आहे." ती म्हणाली, "माहीत आहे."

उत्तर आलं तेव्हा ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये होती. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा अक्षरं दिसेनात. घेतलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तिचा रसायनशास्त्राचा एक विषय ते धरणार नाहीत, तो पुन्हा करावा लागेल. तिला त्याचंही प्रेम वाटलं. मिसेस केलरना मिठी मारून ती सरळ जिल्ह्याच्या शेडवर गेली, जिथे बर्फ काढायचे ट्रक हंगाम संपल्यावर धुऊन ठेवतात.

लॉवेल गमबूट घालून पाण्याच्या नळीनं ट्रक धूत होता. ती समोर जाऊन उभी राहिली. त्यानं नळी बंद केली.

"घेतलं," ती म्हणाली.

"अच्छा," लॉवेल म्हणाला. "बरंय की." त्यानं नळी नीट गुंडाळायला घेतली, ती त्याच्याच्यानं गुंडाळेना, मग त्यानं ती खाली टाकली आणि मुलीला जवळ घेतलं. तो नखशिखांत ओला होता आणि तीही झाली.

"मी सांगू का?" त्यानं विचारलं. "लोकांना? तुझी हरकत नसेल तर."

"सांग ना."

पलीकडे त्याच्यासोबत काम करणारा ऑर्व्हिल चाकाला ग्रीस लावत होता. लॉवेल त्याच्यापाशी गेला, टोपी काढली, तोंड उघडलं. शब्द फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यानं नुसतं मारितकडे बोट केलं.

ऑर्व्हिल पाहत राहिला. मग त्यानं ग्रीसचा हात पॅन्टला पुसला, आपलीही टोपी काढली आणि मारितला म्हणाला, "वाईट झालं गं पोरी. फार वाईट झालं. त्यांनाच अक्कल नाही."

"अरे नाही!" लॉवेल ओरडला. "घेतलं! घेतलं तिला, ऑर्व्हिल! तिला घेतलं!"

पत्र्याच्या त्या शेडमध्ये आवाज घुमला. ऑफिसमधली बाई खिडकीशी आली, रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीनं वेग कमी केला. एकदा तोंडातून निघाल्यावर लॉवेलला ते थांबवता येईना. तो खिडकीतल्या बाईला म्हणाला, "तिला घेतलं!" मग गाडीवाल्याला हात करून म्हणाला, आणि तो गाडीवाला गावचासुद्धा नव्हता. मारित ओल्या कपड्यांनिशी ट्रकच्या पायरीवर बसली आणि आपला बाप तिचं नाव घेऊन अनोळखी माणसाला काय सांगतोय ते ऐकत राहिली. तिला थंडी वाजत होती, पण तिथून उठावंसं वाटत नव्हतं.